पट्ट्या नसलेली गिटार

नव्वद सालाच्या आसपास एरंडोलला एका लग्नात नवरदेव मारुतीच्या पाया पडायला उतरला, तसा बँड लिंबाच्या सावलीला थांबला. भोंग्याच्या गाडीला टेकून त्यांचा बेस गिटारवाला बसला होता. पन्नाशीचा असेल. लाल कोटावर घामाचे पांढरे डाग पडलेले. गिटारच्या दांड्यावरच्या पितळी पट्ट्या त्याने स्वतःच उपटून खाचांत लाख भरली होती. मिरवणुकीत तो हनुवटी गिटारच्या लाकडावर दाबून चालायचा. मला ती ऐट वाटली होती, तसं मी बोललोही.

"ऐट नही भाऊ. भोंगामाईन हाऊ जाड आवाज निंघतच नही. हनुवटीना हाडमा ऐकू येस."

"मग पट्ट्या का काढल्या?"

"पट्टी ऱ्हायनी का सूर आपोआप लागस. माले तो मना बोटनी लावना व्हता."

रुमालाने तारा पुसत तो खालीच बघून म्हणाला, "यंदा मी मुद्दाम बेसूर वाजाडं. वाटे, कोन्ही तरी मांगे वळीसन दखी. बँडवालासनी बी दखं नही."

नवरदेव घोड्यावर बसला, ताशा कडाडला. त्याने हनुवटी टेकवली, बोट तारेवर केसभर सरकवलं आणि डोळे मिटले. मी भोंग्याजवळून चालत राहिलो. मला त्याचं काहीच ऐकू येत नव्हतं, तरी त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी दाद द्यावी तशी मान डोलावली.

तो माझ्या कानाशी वाकला.

"आते बी बेसूरच वाजाडी ऱ्हायनू, भाऊ."