ओला उंबरा

आमच्या शेजारचे उद्धवराव मूळचे पुनावळ्याचे. चाकणला एका कंपनीत एकतीस वर्षं गाड्यांचे दरवाजे रंगवले. रिटायर झाले तेव्हा छाती भात्यासारखी वाजायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा स्प्रे गन हातात धरलीत तर जिवाशी गाठ आहे.

दिवसभर नुसतं बसून काय करणार, म्हणून मुलानं, रविराजनं, ॲक्रिलिकचे रंग आणून दिले. पाण्यात कालवायचे, वास नाही, त्रास नाही. उद्धवरावांनी कॅलेंडरवरचं एक चित्र निवडलं. चारेकशे वर्षांपूर्वीच्या कुणा परदेशी चित्रकाराचं. काळोखात बसलेली म्हातारी, मांडीवर पोथी.

"एवढे दरवाजे रंगवले वहिनी, पण माझं म्हणावं असं एक न्हाई," ते म्हणायचे.

चार महिन्यांत म्हातारी अशी उतरली की एकदा माझे हात आपसूक जोडले गेले.

"अहो, परदेशी बाई हाय ती!"

"पोथी वाचतेय ना? मग झालं."

ते हसले, मग डोळे बारीक करून चित्राकडे बघू लागले. "काळोख खडूवाणी दिसतोय. जुन्या चित्राला कशी खोली हाय! यावर लॅकर मारायला पायजे."

"आणि छातीला काय पाहिजे?" मी विचारलं. ते ब्रश धुवायला उठले.

लॅकर म्हणजे रंगावर फवारायचा पारदर्शक, चकचकीत थर. तो मारायची रीत त्यांनीच मला सांगितली होती. खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी मारायचं. ओल्या लॅकरवर एक कण बसला तरी माल रिजेक्ट.

एका मंगळवारी दुपारी त्यांच्या दाराखालून पाणी बाहेर आलेलं दिसलं. थिनरचा वास येत होता. त्यांची जादा चावी माझ्याकडे असायची. दार उघडलं तर ते भिंतीला टेकलेले, ओठ निळे पडलेले, शेजारी स्प्रे गन आणि छोटा कॉम्प्रेसर. मी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. खाली रस्ता खोदलेला होता.

आठ दिवस दवाखान्यात काढले. रविराजनं लॅकरचा डबा टाकून दिला. घरी आल्यावर उद्धवराव टेकलेसुद्धा नाहीत. चित्रापाशी गेले, म्हातारीच्या गालावरून बोट फिरवलं.

"कण बसलेत. खिडक्या कुणी उघडल्या?"

"मी."

"रिजेक्ट," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दोन दिवसांनी चावी मागायला आले, गोड बोलून घेऊन गेले. मीही दिली.

गुरुवारी दत्ताला नैवेद्य दाखवून बाहेर आले, तर त्यांचा उंबरा ओला. खूप ठोठावलं, हाका मारल्या. लॅकरचा नवा डबा कधी आणला कुणास ठाऊक, आत कॉम्प्रेसर घरघरत होता, मग तोही थांबला. रविराज फर्स्ट शिफ्टला होता. तो येऊन, माणसं जमवून दार फोडेपर्यंत अर्धा तास गेला.

उद्धवराव चित्रासमोर खुर्चीत होते. डोळे उघडे. अंग गार पडत चाललेलं.

म्हातारीमागचा काळोख विहिरीसारखा खोल झाला होता. मी जवळ जाऊन बघितलं. एक कण नव्हता.

कुणीतरी खिडकीकडे धावलं.

"राहू द्या," मी म्हणाले. "चित्र वाळू दे आधी."