उठवणारी खुर्ची

माझ्या मावशीला कुणी "आता तुमचं वय झालं" म्हटलं की ती विचारते, "कशाचं?" समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ती पुढे गेलेली असते. उभा जन्म तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी उपसण्यात काढला. गठ्ठा उचलायचा तो कमरेने नाही, मांड्यांनी, पोटाशी घट्ट धरून. निवृत्तीनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, तीही ऐटीत.

गेल्या वर्षी न्यूमोनियाने तिला अंथरुणावर पाडलं. बरी झाली, पण मांड्यांचं मांस पार झडलं होतं. उठताना पाय लटपटायचे. तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, आईवर जीव टाकणारा. त्याने एक विजेवर चालणारी खुर्ची आणली. बटण दाबलं की ती बसलेल्या माणसाला अलगद उभं करायची. घरात सगळ्यांनी खुर्चीचं तोंड भरून कौतुक केलं.

खुर्चीने आपलं काम चोख बजावलं. थोड्याच दिवसांत मावशी बटणाशिवाय उठेनाशी झाली.

"आई, आता एकटीला झेपणार नाही," दादा म्हणाला. "घराचा भाडेकरार संपला की ही जागा सोडू. माझ्याकडे चल. तुला इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही."

हे शेवटचं वाक्य तिला फार झोंबलं.

"चादरी उचलत होते म्हणून पाय होते," तो गेल्यावर ती मला म्हणाली. "उचलणं थांबलं, पाय गेले. आता परत उचलणार."

"डॉक्टरांना विचार तरी."

"विचारलंय. म्हणाले, हळूहळू वाढवा, आणि अंडी, दूध, डाळ पोटात जाऊ द्या. दादाला बोलू नकोस हं. तो बादलीलाही चाकं लावेल."

बादलीत आधी उशीचा एक ओला अभ्रा पडला. बादली पोटाशी धरून, बटणाला हात न लावता उठायचं. पहिल्यांदा ती धप्पकन मागे पडली आणि खुर्चीला तिने अशा शिव्या घातल्या की शेजारीण डोकावून गेली. तो अभ्रा जमला की दुसरा, मग टॉवेल, मग चादर. एकदा काही केल्या उठता येईना, तेव्हा चिडून तिने बादली लाथाडली. लाथ मारता आली, याचाच तिला मग आनंद झाला. दर रविवारी दादा यायचा तेव्हा मात्र ती बटण दाबून निमूट उठायची.

करार संपायला आला तसा दादा रिकामी खोकी घेऊन आला. दोन जिने चढून त्याला धाप लागली होती. त्याने खुर्चीत बसकण मारली. पोट सुटलेला माणूस, मऊ गादीत पार रुतला. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"आई, हिची वायर कुठंय?"

मावशीने वर बोट दाखवलं. वायर खोलीभर आडवी बांधली होती आणि तिच्यावर चादरी वाळत होत्या.

दादाने हातांवर जोर देऊन पाहिला, पण त्याला उठता येईना. मावशीने हातातली भरली बादली खाली ठेवली, पाय फाकवले, गुडघे वाकवले आणि हात पुढे केला. एका झटक्यात तिने त्याला उभा केला. तिचा हात सोडायचं त्याला सुचलं नाही.

"खोकी खाली नेऊन ठेव," ती म्हणाली. "आणि वर येताना अंडी आण. जास्त आण, तुलाही लागतील."