शेवटचा नवरदेव

आमच्या संग्रहालयात कोण कशाला आलंय हे मला दारातच कळतं. रविवारी क्लासची पोरं येतात, पंख्याखाली उभी राहतात, सगळ्यात मोठी तलवार कुठली विचारतात आणि तिच्यापुढे फोटो काढून निघून जातात. डॉक्टर व्हायला आईबापांनी लातूरला आणून टाकलेली पोरं ती, त्यांना काय बोलायचं! संग्रहालय औसा रोडवर आहे. एका हौशी डॉक्टरांनी जन्मभर हत्यारं जमवली, ती इथं मांडली. डॉक्टर गेले, मी राहिलो. मी लालमहंमद, जातीचा शिकलगार. बापजाद्यांनी हत्यारांना धार लावली, मी त्यांना तेल लावतो आणि तिकिटं फाडतो.

शंकरप्पा तलवारींकडे ढुंकूनही बघायचा नाही. वर्षातून एकदा, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी यायचा आणि तडक कोपऱ्यातल्या काचपेटीपुढे जाऊन उभा राहायचा. आत वीतभर पात्याची एक कट्यार. खाली चिठ्ठी : ‘लोखंडी पाते, पितळी मूठ. हातघाईच्या लढाईत वापर.’

आमची ओळख भांडणातून झाली. गणपती बुडाले की लगेच, दसऱ्यासाठी मी सगळी हत्यारं बाहेर काढून पुसतो. त्या कट्यारीचं टोक काळं पडलं होतं. मी ते घासायला घेतलं, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “टोकाला हात लावू नका!”

माझं डोकं आधीच गरम. म्हणालो, “का? तुमच्या बापाचं हाय का संग्रहालय?”

“संग्रहालय न्हाई. कट्यार माझी हाय,” तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. मग भांडण कसलं करता? मी चहा मागवला.

त्याचं गाव चिंचगाव, किल्लारीच्या अंगाला. गावात पाणवठे वेगळे, मसणवटे वेगळे, पण नवरदेवाची कट्यार सगळ्यांची मिळून एकच. हळद लागली की ती हातात यायची, टोकाला लिंबू खोचायचं, आणि अक्षता पडेपर्यंत नवरदेव ती खाली ठेवायचा नाही. हळदीच्या अंगाला बाहेरचं काही झोंबू नये म्हणून. लग्न झालं की कट्यार त्याच्याच घरी राहायची. पुढचा नवरदेव स्वतः मागायला यायचा. मग आधीच्यानं म्हणायचं, “माझी हळद उतरली, तुला लागू दे,” आणि कट्यार त्याच्या हातात द्यायची.

“लढाई हिनं बघितलीच न्हाई लालभाई,” शंकरप्पा म्हणाला. “लिंबं तेवढी कापली. त्या रसानं टोक काळं पडलंय. गावातलं एकेक लग्न हाय त्या काळ्यात.”

मी टोक तसंच ठेवलं. तेव्हापासून आजवर तिथं फडकं लावलेलं नाही.

शंकरप्पाचं लग्न भूकंपाच्या वर्षीच झालं, उन्हाळ्यात. बायकोचं नाव नीलाबाई. गणपती बुडवले त्या संध्याकाळी त्याचा चुलतभाऊ विरूपाक्ष घरी आला. सोयरीक जुळली होती, लग्न तुळशीनंतर, पण गडी उतावळा. हात पुढे करून म्हणाला, “दादा, कट्यार दे.”

शंकरप्पानं त्याची फिरकी घेतली. “थांब की लेका! माझी हळद तर उतरू दे आधी.”

चुलीपुढं बसलेली नीलाबाई तोंडाला पदर लावून हसली. विरूपाक्ष पाय आपटत गेला. मिरवणुकीनं दमलेला शंकरप्पा देवळाच्या पारावरच झोपला. पहाटे जमीन हलली आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. पारावरची माणसं वाचली. नीलाबाई गेली, विरूपाक्ष गेला. जवानांनी ढिगारा उपसला तेव्हा कट्यार मात्र जशीच्या तशी निघाली. मागायला गावात लग्नाचा पोरगा उरला नव्हता.

पत्र्याच्या शेडमध्ये शंकरप्पा ती उशाला घेऊन झोपायचा. डोळा लागला की विरूपाक्ष यायचा. बोलायचा काही नाही, हात पुढे करून नुसता उभा राहायचा. शेवटी औषधं वाटायला आलेल्या आमच्या डॉक्टरांना शंकरप्पानं कट्यार देऊन टाकली. वाटलं, आता हा त्यांच्या दारात जाईल.

“पण त्याला ठाव हाय, कुणाकडं मागायची ते,” तो म्हणाला. “अजून येतो.”

 माझं तोंड गप्प बसेल तर ना! म्हणालो, “मग म्हणून टाका की ते वाक्य. द्या त्याची त्याला आणि सुटा.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच वरमलो. “ते म्हणलं की नीला गेली, लालभाई. हळद हाय तवर मी नवरदेव हाय, ती नवरी हाय.”

त्यानं दुसरं लग्न केलं नाही. क्लासांच्या गल्लीत मुलींच्या हॉस्टेलवर तो रात्रीचा राखणदार होता. ती नोकरी त्यानं मागून घेतली होती, कारण छताखाली त्याला झोप येत नसे. मुली वर दिवे लावून घोकत बसायच्या आणि हा खाली रस्त्यावर खुर्ची टाकून, पाठ भिंतीला न लावता. गल्लीत नव्या इमारतींवर मजले चढत होते. प्रत्येक स्लॅब ओतला की तो मान वर करून बघायचा आणि कुणी न विचारताही सांगायचा, “आत झोपू नका.” लोक हसायचे. मला मात्र त्याची फार कणव यायची.

मग माझ्या यासेरचं लग्न ठरलं. यासेर क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. पुरावा दाखवल्याशिवाय आईनं केलेला मसालेभातही चांगला म्हणायचा नाही, असा प्राणी. निकाह पितृपक्षात आला. आम्हाला पितृपक्षाचं काय! शंकरप्पा नेहमीच्या दिवशी आला तेव्हा मी त्याच्या हातात पत्रिका ठेवली.

त्यानं ती उलटीसुलटी केली आणि विचारलं, “पोराच्या हातात काय देणार?”

आमच्यातही नवऱ्याच्या हातात कट्यार-लिंबू असतं. मौलवी नाक मुरडतात, पण बायका ऐकतात थोडंच! म्हणालो, “बाजारातनं आणलाय एक चकचकीत चाकू.”

तो पेटीपुढे जाऊन उभा राहिला. काचेवर त्याचा तळवा होता. मग म्हणाला, “ही न्या.”

 संग्रहालय चालवणाऱ्या ट्रस्टच्या लोकांना कळलं तर माझी भाकरी जाणार. पण तो पुढं म्हणाला, “मी थकलो लालभाई. मी असाच मेलो तर तो कुणाकडं मागंल?” मी म्हणालो, “उद्या दुपारी या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दार लावून घेतलं. यासेर हळदीच्या पिवळ्या हातांनी कुरकुरतच आला. “अब्बा, चारला माझी बॅच हाय.” मी त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. मी पेटी उघडून कट्यार शंकरप्पाच्या हातात दिली. तिला हात लागताच त्याचा चेहरा एकदम कोवळा झाला. नवरदेव दिसला मला तो, खरंच सांगतो.

यासेरनं हात पुढे केला.

“थांब पोरा,” शंकरप्पा म्हणाला. “तुझा नंबर नंतर.”

तो दाराच्या बाजूला वळला. तिथं कुणी नव्हतं. दोन्ही हातांवर कट्यार धरून म्हणाला, “विरूपाक्षा, माझी हळद...” आणि अडकला. ओठ हलत होते, शब्द येईना.  मग तो अगदी हलक्या आवाजात, चुलीपुढच्या बाईशी बोलावं तसं बोलला, “नीले, उतरू दे आता.”

आणि मान वर करून स्पष्ट म्हणाला, “माझी हळद उतरली. तुला लागू दे. घे.”

हात पुढे धरून तो थांबला. मी दाराकडे बघितलंच नाही, माझी छातीच झाली नाही. थोड्या वेळानं त्यानं कट्यार टेबलावर ठेवली आणि चार पावलं मागं सरकला. डोळ्यांना धार लागली होती.

“आता ती माझी न्हाई,” तो म्हणाला. “पोरा, विरूपाक्षाकडनं घे.”

मला वाटलं, आता आमचे प्राध्यापक हसतात. यासेरनं बूट काढले. डोक्याला रुमाल बांधला. टेबलापुढच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, “विरूपाक्षकाका, द्या.”

निकाह झाला. कट्यार मी गुपचूप पेटीत परत ठेवली. टोक आणखी थोडं काळं झालं आहे.

पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी शंकरप्पा आला नाही. माझ्या जिवाला घोर लागला. लवकर बंद करून हॉस्टेलवर गेलो. मुली म्हणाल्या, काका आत आहेत. जिन्याखालच्या खोलीत, स्लॅबखाली, भिंतीला पाठ लावून तो गाढ झोपला होता. मी त्याला उठवलं नाही.

परत आलो तर संग्रहालयाच्या पायरीवर यासेर बसलेला. बॅच सोडून आला होता. मी कुलूप काढलं तसा तो आत गेला आणि कोपऱ्यातल्या पेटीपुढे उभा राहिला. 

मग माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, “अब्बा, कुणी मागायला आलं होतं का?”