अंकुशचं उरलेलं गाणं

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या टाकीपाशी उभा होतो. गारखेड्यात त्याचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. तिथंच, तार गुंडाळता गुंडाळता तो खाली बसला आणि उठलाच नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. लोक म्हणतात, सोन्यासारखा माणूस गेला. मला मात्र स्वतःचाच राग येतोय आणि तो कुणाला सांगायची सोय नाही... म्हणून लिहितोय.

कॉलेजात असताना अंकुश वैजापूरहून आला आणि माझा खोलीसोबती झाला. इंग्रजीच्या नावानं आनंदीआनंद, पण एका परदेशी रॉक गायकाच्या अल्बमनं त्याला असं झपाटलं की विचारू नका. ती कॅसेट मीच चुलतभावाच्या रेकॉर्डवरून उतरवून दिली होती, टेप पुरेल का हे न बघता. शेवटचं गाणं ऐन रंगात आलं की खट्ट! टेप संपायची. दुसरी करून देतो म्हणालो, ती काही दिली नाही. पुढं मोबाइलवर सगळं मिळू लागलं, तरी हा ऐकेना. "आता राहिलेलं त्याच्याच तोंडून ऐकीन," म्हणायचा. पस्तीस वर्षं हा हट्ट!

आणि दोन वर्षांपूर्वी तो गायक खरोखरच पुण्यात आला. सत्तरी ओलांडलेला, आवाज चिरकलेला, पण तोच अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमानं वाजवणार होता. मी गाडी काढली. अंकुश लग्नाला निघाल्यासारखा कडक इस्त्रीच्या शर्टात. गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची बोटं ताल धरायची. शेवटून दुसरं गाणं संपलं आणि मी घड्याळ पाहिलं. पार्किंगमधली गर्दी, सकाळी सोसायटीची मीटिंग, आणि मी सेक्रेटरी! म्हटलं, "अंकुश, निघू या." त्यानं एकदा स्टेजकडं पाहिलं आणि म्हणाला,

"चल बाबा. म्हातारा काय पळून चाललाय व्हय? येईल की परत."

मागं ते गाणं सुरू झालं. गेटपाशी तो जरा थांबला, तर मी त्याला दंड धरून ओढलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगला कोरमसुद्धा झाला नाही. म्हातारा अजून ठणठणीत आहे, देशोदेशी गात फिरतोय.

परवा अंकुशच्या घरी, शोभावहिनींना भेटायला गेलो. दुकानातला टेपरेकॉर्डर त्यांनी घरी आणून ठेवलाय, कॅसेट आतच. चहा देता देता म्हणाल्या, "भाऊजी, एक लई बरं केलं तुम्ही. त्यांचं राहिलेलं गाणं तेवढं ऐकवून आणलं. सगळे उभं राहून ऐकत होते म्हणे. तुमच्या डोळ्याला तर पाणी आलं होतं म्हणत होते."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं होतं... मला वाचवायला. माझ्या तोंडून "व्हय" एवढंच निघालं.

वहिनींनी बटण दाबलं. आम्ही दोघं ऐकत बसलो. गाणं रंगात आलं आणि खट्ट झालं.

"पुढचं कसं हाय हो, भाऊजी?"

पुढचं मला कधीचंच पाठ आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त त्याला.