आकडेकाकांची पाळत

आमच्या कचेरीतल्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात चाळीस आभासी सर्व्हर चालतात. त्यातला कुठला किती ताकद खातोय, यावर आमचे ज्येष्ठ सहकारी आकडेकाका संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून नजर ठेवायचे. रंगीत आलेख दाखवला की खेकसायचे, "चित्रं पोरांना दाखवा, मला आकडे द्या."

काकू शेवटच्या आजारात दवाखान्यात होत्या, तेव्हाही काका इथेच. काकूंचा फोन यायचा, "अहो, जरा येऊन जा ना." काका म्हणायचे, "येतो गं, एवढं बघून." काकू गेल्या, तेव्हाही ते खुर्चीतच होते. मला राग यायचा, पण ज्येष्ठ माणसाला सांगणार कोण?

त्यांची एक खोड होती. सर्व्हर मंदावल्याची तक्रार आली की ते आणखी एक कमांड लावायचे: दर सेकंदाला आकडे घे, फाइलीत लिही. लावलेली कमांड बंद मात्र कधी करायचे नाहीत. सर्व्हर दरवर्षी आणखी रखडायचा आणि काका आणखी चिकटून बसायचे.

परवा मी सर्व्हरवर सगळ्यात जास्त भार कशाचा आहे, त्याची यादी काढली. वरच्या दोनशे ओळी काकांच्याच कमांडींच्या होत्या. मी काकांना बोलावून पडद्यावर बोट ठेवलं.

काकांनी सगळ्या बंद केल्या. सर्व्हर वाऱ्यासारखा पळायला लागला.

त्या रिकाम्या खिडकीकडे बघत काका म्हणाले, "तिला सांगितलं होतं रे, मी इथून हललो तर सर्व्हर बंद पडेल."