गळतीसकट हिशोब

इंदापूरच्या स्टँडवर वडलांनी, म्हणजे आबांनी, माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन आरशांमधी दिवा ठिवून बघाय बंगळूरला चाललाय! तोंड बघाय हितं एक पुरतो की." लोक हसले. मग खाली मान घालून म्हणाले, "दारं धरायची तुझी पाळी आता श्रीपतीकडं." श्रीपती माझा धाकटा भाऊ. पाटाचं पाणी उसाच्या सऱ्यांत वळवायची पाळी ज्याच्याकडे, तो आमच्यात घरचा. त्या दिवशी मी वजा झालो.

प्रयोगशाळेतलं काम आबा म्हणाले तेच होतं. चांदीचा मुलामा दिलेले दोन आरसे समोरासमोर, मध्ये दिवा. उजेड त्यांच्यात येरझारा घालतो. थोडा आरपार निसटतो, थोडा चांदी गिळते. साहेब म्हणत, आरसे बिनगळतीचे धरा, गणित सुटसुटीत होतं. गळती शेवटी वजा करा. मी नाही म्हटलं. पाटापासून शेतापर्यंत पाणी नेणारा दंड फुटका असला तर पाटातूनच पाणी जास्त ओढलं जातं, तुंबला तर कमी येतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. दिव्याचंही तसंच. आरसे किती गळके, यावर तो मुळात किती उजेड देणार हे ठरतं. गळती पहिल्या ओळीपासून गणितात हवी.

"मग करा तुम्हीच," साहेब म्हणाले. हातानं फिरवायच्या आकडेमोडीच्या यंत्रावर सगळा हिवाळा गेला. माझं उत्तर प्रत्यक्ष मापाशी जुळलं. त्यांचं जुळलं नव्हतं.

मे महिन्यात गावी गेलो. पाटाला पाणी आलं तसं मी खोरं उचललं. श्रीपती म्हणाला, "दादा, ठिवा ते. तुमी आता पाव्हणं. इडल्या खाणाऱ्याला चिखल सोसतोय व्हय?"

"पाव्हणा तुझा मेव्हणा," म्हणत मी सरीत उतरलो. सवय मोडली होती. पहिल्याच दोन सऱ्या फुटल्या. आबा बांधावरनं बघत राहिले. हातांना फोड आले, पण शेवटची सरी भरेपर्यंत खोरं सोडलं नाही. तेव्हा आबा उठले. "त्याला भाकरी वाढा," म्हणाले, "पाण्यातनं आलाय."

हे श्रीपतीसाठी लिहितोय, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. मी निसटलो, हे खरं. पण मला शेवटी वजा करून घराचा हिशोब जुळायचा नाही. जिथं माझी पाळी आहे ते माझं घर, मग मी राहीन कुठंही. श्रीपती, येत्या मे महिन्यात पहिलं पाणी मीच धरणार. खोरं लपवलंस तर हातानं बांध घालीन.