कुलूप ओढून बघणारे शेजारी

महाडपासून पोलादपूरपर्यंत विश्वास ठेवावा असं एकही दार नाही, असं आमच्या शेजारच्या चाचांचं ठाम मत होतं, आणि त्यातून त्यांनी स्वतःचं दारही वगळलं नव्हतं. कुलूप लावून थोडं पुढे गेले की ते परत येऊन ओढून बघत. पूर्वी त्यांचे ट्रक होते. कशेडी घाट चढण्याआधी पोलादपूरला थांबून ताडपत्रीची गाठ तपासायची, ही सवय हाडात मुरलेली. गाठही त्यांची स्वतःची. दुसऱ्याने सोडून पुन्हा बांधली की लगेच ओळखू येई. ट्रक गेले, गाठ राहिली. ती साखरेच्या पिशवीला आली, छत्रीला आली, शेवटी आमच्या दोघांच्या सामाईक फाटकालाही आली. तुमचे आजोबा म्हणत, "यांच्याकडचा चहा तपासणी नाका ओलांडल्याशिवाय मिळत नाही."

मुलांनो, दुबईच्या मुलाने त्यांना लॅपटॉप पाठवला होता. त्यांची बायको, आमच्या भाभी, त्यात मुलासाठी बोलून रेकॉर्ड करून ठेवायच्या. इतक्या लाजऱ्या, की परक्याशी दाराआडूनच बोलत. त्या गेल्या आणि पुढच्याच पावसाळ्यात लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीला नेला तर दुकानदार म्हणाला, "ठेवून जा चाचा. पासवर्ड हाय ना? कोण उघडणार?"

चाचा तडक माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या. पासवर्ड म्हंजे सगळं बंद काय?"

लॅपटॉपसोबत आलेली पुस्तिका मी सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचली आणि सांगितलं, पासवर्ड फक्त पुढच्या दाराला. आतली माहिती उघडीच असते. ती एन्क्रिप्ट करायची, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचताच येऊ नये अशी करायची, तर ती सोय वेगळी सुरू करावी लागते. तुमच्यात ती सुरू नाही. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की कुणीही ऐकेल.

"म्हंजे पुढं कुलूप आणि मागं भिंतच नाय!" संशय खरा ठरल्याचा आनंद क्षणभरच टिकला. मग हळूच म्हणाले, "तिचा आवाज हाय वो त्यात."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात ठाण मांडून बसले, साक्षीला मी. डिस्क जोडली, पासवर्ड कुणी विचारलाच नाही.

"कान बंद कर," चाचा दुकानदाराला म्हणाले.

"चाचा, माउस काय पायाने धरू?"

शेवटी त्याने एका कानात बोट घातलं. आणि भाभींचा आवाज आला, "तुझे अब्बा कुलूप ओढून बघतायत." मागून खडखड. "थांब, आता परत बघतील." पुन्हा खडखड.

दुकानदार फस्सकन हसला. चाचाही हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. "परत लाव," ते म्हणाले. "बोट काढ. तू पण ऐक."

नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा मी म्हटलं, आता एन्क्रिप्ट करून घ्या. ते म्हणाले, "नको, वहिनी. किल्ली मीच विसरलो तर? ती आत, मी भायेर."

पुढे मुलगा त्यांना दुबईला घेऊन गेला. निघताना लॅपटॉपच्या पिशवीला त्यांनी गाठ मारली, आणि फाटकालाही. मी अजून मागच्या दाराने ये-जा करते. ती गाठ सोडवणं अवघड नाही, पण पुन्हा बांधायला आता इथे कुणी नाही.